सुकामेव्याच्या कुकीज: पसरतात, मनुका करपतात, डब्यात मऊ पडतात. नेमकं कुठे चुकतंय?

पिठाळ हात

कडेने कुरकुरीत, मध्ये किंचित मऊ आणि बऱ्यापैकी जाड अशा कुकीज हव्या आहेत, आत अक्रोड-बदाम आणि मनुका, क्रॅनबेरी, जर्दाळू. होतात मात्र पातळ आणि चपट्या.

सध्याचं प्रमाण: मैदा १५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम, साधी पांढरी साखर १५० ग्रॅम, अंडं १, खायचा सोडा १ चमचा (५ मिलीचा मापाचा), चिमूटभर मीठ, व्हॅनिला. सुकामेवा एकूण २०० ग्रॅम, त्यात निम्मे अक्रोड-बदाम आणि निम्मी सुकी फळं.

कृती: बटर खोलीच्या तापमानाला अगदी मऊ झालेलं असतं. ते साखरेबरोबर बीटरने पाच-सहा मिनिटं, पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटते. मग अंडं, व्हॅनिला, शेवटी मैदा-सोडा. मनुका अर्धा तास गरम पाण्यात भिजवून निथळून घेते. अक्रोड-बदाम कच्चेच, मिक्सरला एकदा फिरवून भरड. गोळे करून लगेच १८० अंशांना १५ मिनिटं. छोटा ओटीजी (विजेचा ओव्हन) आहे, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू.

तक्रारी अशा: कुकीज एकमेकींना चिकटतील इतक्या पसरतात. वर आलेल्या मनुका काळ्या आणि दाताला लागतील अशा कडक होतात. अक्रोडाच्या तुकड्यांभोवती जांभळट-करडा डाग दिसतो. दुसऱ्या दिवशी डब्यात सगळंच मऊ, अक्रोडसुद्धा. आणि मागाहून जिभेवर साबणासारखी किंचित चव राहते.

मैदा वाढवला तर पसरणं थांबेल, पण कोरड्या होतील अशी भीती वाटते. काय बदलू?

मोजूनमापून

पाच तक्रारींची पाच कारणं नाहीत, दोनच आहेत. एक सोडा आणि दुसरं पाणी.

आधी सोडा. १५० ग्रॅम मैद्याला पूर्ण चमचा म्हणजे दुप्पट झाला. त्यात साखर सगळी पांढरी. सोड्याला काम करायला आम्ल लागतं. ब्राऊन साखरेत मळीचा अंश असतो, त्यातून ते थोडंफार मिळतं. पांढऱ्या साखरेत काहीच मिळत नाही. त्यामुळे सोड्याचा बराच भाग तसाच उरतो, ती साबणाची चव त्याचीच. उरलेला सोडा पीठ अल्कधर्मी करतो. अशा पिठाची बांधणी सैल राहते, आकार धरायला वेळ लागतो आणि तोवर ते पसरतं. रंगही भराभर चढतो, म्हणून वरून झालेली दिसते आणि आत कच्ची असते. अक्रोडाचा जांभळट डागही याच्याच खात्यात: अक्रोडाच्या सालीतली रंगद्रव्यं अल्कधर्मी पिठात रंग बदलतात. खायला अपाय नाही, दिसायला वाईट.

आता पाणी. तुमचं बटर-मैद्याचं प्रमाण जगावेगळं नाही, १५० ला १२० मध्ये चॉकलेट चिप कुकीज नीट होतात. पण चॉकलेट पिठात पाणी सोडत नाही. अर्धा तास गरम पाण्यात ठेवलेल्या मनुका फुगलेल्या असतात आणि नुसत्या निथळल्या तर बाहेरूनही ओल्या असतात. भिजवायच्या आधी आणि नंतर वजन करा. जो फरक दिसेल तेवढं पाणी तुम्ही कृतीबाहेर पिठात ओतताय. एवढ्या बारीक प्रमाणात एक मोठा चमचा (१५ मिलीचा) पाणीसुद्धा कुकी चपटी करायला पुरतं.

या प्रमाणाने करून बघा. ३५ ग्रॅमच्या साधारण १८ कुकीज होतील.

मैदा १७५ ग्रॅम
बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम
ब्राऊन साखर ९० ग्रॅम, पांढरी ४५ ग्रॅम
अंडं १ (कवच सोडून ५० ग्रॅम)
खायचा सोडा अर्धा चमचा, सपाट
मीठ पाव चमच्याहून थोडं जास्त
व्हॅनिला १ चमचा
भाजलेले अक्रोड-बदाम ९० ग्रॅम
सुकी फळं ७० ग्रॅम

साखर मुद्दाम कमी केली आहे. एक तर फळं स्वतःच गोड आहेत, दुसरं म्हणजे साखर भट्टीत वितळून पातळ होते आणि तीही पीठ पसरवते. मैदा २५ ग्रॅम वाढल्याने कुकी कोरडी होणार नाही, कोरडी होते ती जास्त भाजल्यामुळे. मैदा वजनानेच घ्या. वाटीने मोजला तर चाळून भरलेली वाटी आणि डब्यात खुपसून भरलेली वाटी यांत २० ते ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि मग बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

ब्राऊन साखर नसेल तर सगळी पांढरी चालेल, पण मग सोडा काढून टाका आणि एक चमचा बेकिंग पावडर घाला, तिच्यात आम्ल आधीच असतं. कुकी थोडी फिकी आणि थोडी जाड होईल.

फेटणं अर्ध्यावर आणा. बटर १८ ते २० अंशांवर हवं: बोट दाबलं तर खळगा पडतो, पण बोट तेलकट चमकत नाही. ३२ अंशांच्या पुढे बटर वितळायलाच लागतं, त्यामुळे 'अगदी मऊ' बटर म्हणजे भट्टीत जाण्याआधीच निम्मी वाट चाललेलं बटर. साखरेबरोबर मध्यम वेगावर दोन मिनिटं पुरे. पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटणं केकसाठी. कुकीत इतकी हवा भरली की ती आधी फुगते, मग बसते, आणि बसताना पसरते.

गोळे आधी करा, मग फ्रिजमध्ये ठेवा. उलटं केलं तर घट्ट झालेल्या पिठातून मेव्यासकट गोळा काढताना हात दुखतो आणि गोळे फुटतात. कमीत कमी ४५ मिनिटं.

मंद आच

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त मेव्याबद्दल भर घालते, कारण प्रश्नातली सर्वांत मोठी गफलत तिथे आहे. 'सुकामेवा' हा शब्द एक असला तरी त्यात दोन अगदी विरुद्ध स्वभावाचे पदार्थ येतात. अक्रोड, बदाम, काजू यांना पिठात जाण्याआधी आणखी कोरडं करायचं असतं. मनुका, जर्दाळू, अंजीर यांना थोडं ओलसर. तुम्ही फळांना पाणी जास्त दिलं आणि बदाम-अक्रोडाला भाजलंच नाही.

'कुकी भाजताना मेवा भाजला जाईलच की' असं वाटतं. तो भाजला जात नाही. पिठात पाणी आहे तोवर कुकीचा आतला भाग १०० अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि बारा-तेरा मिनिटांत ते पाणी संपतही नाही. म्हणजे आतला अक्रोड नुसता वाफवला जातो. दुसऱ्या दिवशी तो मऊ लागणारच.

भाजणं १६० अंशांवर, ट्रेवर एकाच थरात. सोललेले पिस्ते ५ ते ६ मिनिटं, अक्रोडाचे अर्धे ८, काजू ८ ते १०, सबंध बदाम १२ ते १४, हेझलनटही तेवढेच. वेगवेगळे भाजा. सगळे एकत्र टाकले की बदाम कच्चे असतानाच पिस्ते आणि अक्रोड कडू होतात. बदाम मधोमध कापून बघा, आतून फिकट बदामी रंग आला की झालं, तपकिरी होईपर्यंत थांबू नका. बाहेर काढल्यावर गरम ट्रेवर तो पुढे भाजतच राहतो, म्हणून लगेच गार ताटात ओता. कढईतही भाजता येतात, पण जिथे तळाला टेकतात तिथे डाग पडतात आणि आतून कच्चे राहतात. कढईच वापरायची तर आच अगदी मंद आणि हात सतत चालू.

हेझलनट आणि अक्रोड गरम असतानाच जाड फडक्यात घेऊन चोळा. हेझलनटची साल जवळपास सगळी निघते. अक्रोडाची सगळी निघत नाही, पण सुटी झालेली निघाली तरी कडवटपणा आणि तो जांभळट डाग दोन्ही कमी होतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय चिरू नका आणि पिठात तर मुळीच घालू नका. कोमट बदाम आजूबाजूचं बटर वितळवतात, मग फ्रिजमध्ये ठेवलेल्या गोळ्याचाही उपयोग नाही.

मिक्सर नको. त्याच्यात निम्मे तुकडे मोठे राहतात आणि निम्म्याची तेलकट पूड होते. ती पूड पिठातलं ओलं शोषते, कुकी भुसभुशीत होते आणि चावताना मेवा मात्र सापडत नाही. मोठ्या सुरीने ६ ते ८ मिलिमीटरचे तुकडे करा, मग पोह्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली पूड टाकायची नाही: वजन करा आणि २० ग्रॅमपर्यंत असेल तर तेवढा मैदा कमी करून ती वापरा.

आणि भाजण्याआधी एक तुकडा खाऊन बघा. अक्रोड फार लवकर खवट होतो. खवटपणा भाजून जात नाही, उलट उठून दिसतो. उरलेले अक्रोड घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये.

अर्धा चमचा

मनुका भिजवाव्यात का, यावर माझं मत थोडं वेगळं. बहुतेक वेळा भिजवायची गरजच नसते. मनुका दोन बोटांत दाबा. ती चपटी होऊन आत गर जाणवला तर तशीच घाला. दाबली जात नसेल, किंवा मूठभर मनुका ताटलीत टाकल्यावर खडखड वाजत असतील, तरच ओलावा द्या. सरसकट भिजवण्याची सवय केकमधून आली आहे. केकचं पीठ पातळ असतं, तिथे खपून जातं.

क्रॅनबेरी तर कधीच भिजवू नका. बाजारातल्या सुक्या क्रॅनबेरी बहुतेक आधीच साखरेच्या पाकात मुरवलेल्या आणि वरून तेलाचा हात लावलेल्या असतात. पाण्यात टाकल्या की गोडवा पाण्यात उतरतो आणि उरतो आंबट चोथा.

मोजूनमापून

@अर्धा चमचा, दाबून बघण्याची कसोटी बरोबर आहे, पण एक धोका राहतो. गोळे जर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर मध्यम कोरड्या मनुकाही पिठातलं पाणी ओढून घेतात. सकाळी पीठ कोरडं आणि चिरा पडलेलं मिळतं, कुकी पसरतच नाही. म्हणजे त्याच दिवशी भाजायच्या असतील तर तुमचं म्हणणं, रात्रभर ठेवायच्या असतील तर थोडा ओलावा आधीच द्यावा.

पण भिजवण्यापेक्षा मुरवणं चांगलं. ७० ग्रॅम मनुकांवर एक मोठा चमचा उकळतं पाणी किंवा संत्र्याचा रस शिंपडा, नीट हलवा, झाकून तासभर ठेवा. सगळं शोषलं जातं, निथळायला काही उरत नाही आणि पाणी किती गेलं ते तुम्हाला ठाऊक असतं. तासाभराने कोरड्या फडक्यावर पसरून टिपून घ्या.

याहून हुशार युक्ती म्हणजे कृतीतलंच अंडं व्हॅनिलासह फेटून त्यात मनुका घालायच्या आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. मनुका अंड्यातलं पाणी पितात, बाहेरचं पाणी एक थेंबही येत नाही. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबून मग बटरमध्ये घाला, कारण थंडगार अंड्याने फेटलेलं बटर फाटतं. मात्र असं केलं तर बीटर बाजूला ठेवून हे मिश्रण चमच्याने मिसळा, नाहीतर मनुकांचा लगदा होतो.

मंद आच

बाकी फळांचं थोडक्यात. जर्दाळू कातरीने ६-८ मिलिमीटरचे तुकडे करून घ्या, पात्याला तेलाचं बोट लावलं की चिकटत नाही. चामड्यासारखे असतील तरच मुरवा. भडक केशरी जर्दाळूंवर गंधकाची प्रक्रिया केलेली असते, प्रक्रियेविना वाळवलेले तपकिरी दिसतात; ते काळपट दिसले म्हणून खराब समजू नका. अंजिराचं देठ काढून टाका, ते कितीही भाजलं तरी चिवटच राहतं. खजूर मात्र जपून. मऊ, ओला खजूर पिठात विरघळतो आणि कुकी पसरवतो. घट्ट जातीचा घ्या, चिरल्यावर कृतीतल्याच मैद्यातला एक चमचा मैदा त्याला चोळा म्हणजे तुकड्यांचा गठ्ठा होणार नाही. (मैदा चोळल्याने फळं 'तळाला बसत नाहीत' हेही केकचंच शास्त्र आहे. कुकीचं पीठ इतकं घट्ट असतं की तिथे काही बुडत नाही. मैदा फक्त तुकडे सुटे ठेवायला.)

करपलेल्या मनुकांचा इलाज भट्टीत नाही, हातात आहे. मनुकेच्या सालीजवळ साखर एकवटलेली असते. उघड्यावर आली की ती आधी काळी पडते आणि गार झाल्यावर खड्यासारखी कडक होते. गोळा वळताना वर डोकावणाऱ्या मनुका, क्रॅनबेरी बोटाने आत ढकला आणि वरच्या बाजूला हवं तर बदामाचे दोन तुकडे दाबा. बदामाला उघडी आच मानवते, फळांना नाही.

पिठाळ हात

खूप खूप आभार! सोड्याचा आणि अक्रोडाच्या डागाचा संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. आणखी तीन शंका. एक, घरात काही जण अंडं खात नाहीत, तर याच प्रमाणात अंड्याऐवजी काय? दोन, अर्धी कणीक चालेल का? तीन, एका ओळखीच्या मुलीला बदाम-अक्रोडाची ॲलर्जी आहे, तिच्यासाठी सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया घातल्या तर?

साय आणि साखर

अंड्याविना मी सांगते. अंडं इथे तीन कामं करतं: पाणी देतं (अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं), बटर आणि पाणी एकत्र धरून ठेवतं, आणि भाजल्यावर घट्ट होऊन तुकड्यांना बांधून ठेवतं. पहिलं काम कुणीही करेल. तिसरं काम करणारं मिळत नाही, म्हणून बिनअंड्याच्या मेव्याच्या कुकीज तुकड्यांपाशी तुटतात. त्यामुळे काहीही पर्याय घेतला तरी मेवा आणि फळं मिळून १६० ऐवजी १२० ग्रॅम घ्या आणि तुकडे ४-५ मिलिमीटरचे करा.

पर्याय पहिला, जवस. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटांत चिकट होतं. कुकी किंचित चिवट होते आणि जवसाचा खमंगपणा अक्रोडाबरोबर खपून जातो. पिस्ते-जर्दाळू अशा नाजूक चवीच्या जोडीला मात्र तो भारी पडतो.

दुसरा, कंडेन्स्ड मिल्क ६० ग्रॅम. त्यात स्वतःची साखर भरपूर असते, म्हणून पांढरी साखर ४५ ऐवजी १५ ते २० ग्रॅम. रंग लवकर चढतो, त्यामुळे भट्टी १६५ अंशांवर.

तिसरा, दूध ४० मिली आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. कुकी जास्त कुरकुरीत, कमी चिवट. पसरतेही कमी, म्हणून गोळा तळहाताने थोडा दाबून ठेवा.

दही टाळा. दह्याचं आम्ल सोड्याला मिळतं हे खरं, पण कुकी केकसारखी फुगीर आणि पोकळ होते.

मळताना एक लक्षात ठेवा. मैद्याचे पांढरे पट्टे अजून थोडे दिसत असतानाच मेवा घाला, म्हणजे मेवा मिसळेपर्यंत मैदाही मिसळून जातो. आधी मैदा पूर्ण एकजीव करून मग मेव्यासाठी पुन्हा मळलं तर कुकी चिवट होते.

अर्धा चमचा

कणीक: निम्मी बिनधास्त चालेल. तिच्यातला कोंडा पाणी पितो, पण सावकाश. म्हणून एक मोठा चमचा दूध वाढवा आणि गोळे करण्याआधी पीठ झाकून अर्धा तास ठेवा. लगेच वळायला घेतलं तर पीठ आधी सैल वाटतं, तुम्ही आणखी कणीक घालता आणि मग कुकी रवाळ, कोरडी होते.

बिया: भोपळ्याच्या उत्तम, १६० अंशांवर ६-७ मिनिटं भाजून. सूर्यफुलाच्या बिया आणि सोडा ही जोडी मात्र सांभाळा. या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याशी त्याची क्रिया होऊन कुकी गार झाल्यावर आतून हिरवी दिसते, कधी दुसऱ्या दिवशी. अपाय काही नाही, पण बुरशी समजून लोक फेकून देतात. सूर्यफुलाच्या बिया घालायच्या असतील तर सोड्याऐवजी एक चमचा बेकिंग पावडर घ्या.

ॲलर्जीचं म्हणाल तर बदाम-अक्रोड न घालणं एवढंच पुरत नाही. ज्या फळीवर, सुरीने, चाळणीने मेवा चिरला-चाळला ती भांडी नकोत, ट्रेवरचा बेकिंगचा कागद नवा हवा, आणि त्या कुकीज आधी भाजून वेगळ्या डब्यात ठेवायच्या. फळांच्या आणि बियांच्या पाकिटावरची 'मेव्याचे अंश असू शकतात' ही सूचनाही वाचा, ती बारीक अक्षरात असते. आणि मुलीच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बियाही देऊ नका, काहींना तिळाची किंवा सूर्यफुलाचीही असते.

मोजूनमापून

भट्टीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

छोट्या ओटीजीत रॉड कुकीच्या फार जवळ असतो. १८० ला १५ मिनिटं हे मोठ्या ओव्हनचं गणित झालं. १७० अंश, मधली खाच, ११ ते १३ मिनिटं. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १६० पुरे. दिवा विझला किंवा बीप वाजला म्हणजे भट्टी तापली असं नव्हे, तेव्हा आतली हवा तापलेली असते, भिंती नाहीत. आणखी सात-आठ मिनिटं जाऊ द्या. ओव्हन थर्मामीटर घेणार असाल तर तो बीटरपेक्षा आधी घ्या. डायलवर १७० आणि आत १९० ही गोष्ट अगदी नेहमीची.

ट्रे फिक्या रंगाचा ॲल्युमिनियमचा बरा. काळा ट्रे तळ लवकर करपवतो. काळाच असेल तर खाली दुसरा ट्रे ठेवा, किंवा १० अंश कमी करा. ट्रेला बटर फासू नका, तुपकट पृष्ठभागावर पीठ घसरतं आणि पसरतं. बेकिंगचा कागद घाला. मेणाचा कागद मात्र नाही, तो भट्टीत धुरकटतो. आणि ट्रेच्या चारी बाजूंनी बोटभर जागा सुटली पाहिजे, नाहीतर गरम हवा वर जायला वाटच राहत नाही.

दुसऱ्या घाण्याला गरम ट्रे वापरू नका. गोळा टेकताक्षणी बटर वितळतं आणि पहिला घाणा जाड, दुसरा चपटा होतो. दोन ट्रे आलटून पालटून, किंवा ट्रे नळाखाली उलटा धरून गार करून, पुसून.

कधी काढायची: कडा सोनेरी, मध्यभाग फिका आणि अजून थोडा ओलसर दिसत असतानाच. बघून कच्ची वाटते. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या, उरलेलं काम ट्रेची उष्णता करते. मध्यभाग कोरडा दिसेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ती कडक होणार.

सगळा ट्रे लावण्याआधी एकच कुकी भाजून बघा. पसरली तर उरलेल्या पिठात एक मोठा चमचा मैदा, किंवा गोळे आणखी अर्धा तास फ्रिजमध्ये. मुळीच पसरली नाही तर पुढचे गोळे दाबून १५ मिलिमीटर जाडीचे करा.

साय आणि साखर

डब्यात मऊ पडण्याचा प्रश्न राहिला. इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी: पूर्ण कुरकुरीत कुकी आणि रसदार मनुका फार दिवस एकत्र नांदत नाहीत. फळात ओलावा जास्त, भाजलेल्या कुकीत कमी. बंद डब्यात तो फळाकडून कुकीकडे आणि तिथून अक्रोडाकडे सरकत राहतो, सगळ्यांचा ओलावा सारखा होईपर्यंत. डबा कितीही घट्ट असला तरी हे आतल्या आत चालतं. म्हणून फळांच्या कुकीज मऊ-चिवट म्हणूनच करा, आणि कुरकुरीत हव्यात त्यात फक्त मेवा घाला. दोन्ही प्रकार एका डब्यात भरू नका.

बाकी नेहमीचंच: जाळीवर पूर्ण गार, निदान तासभर, मग डबा. कोमट भरल्या तर वाफ झाकणाला धरते. मऊ पडलेल्या १५० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवून गार केल्या की कडा पुन्हा कुरकुरीत होतात, पण हे एकदाच चालतं.

ताज्या खायच्या असतील तर भाजलेल्या साठवण्यापेक्षा गोळे फ्रीझ करा. ट्रेवर सुटे ठेवून दगडासारखे होऊ द्या, मग पिशवीत भरा, दोन महिने चांगले राहतात. वितळवायचे नाहीत, थेट फ्रीझरमधून १६५ अंशांवर, दोन-तीन मिनिटं जास्त. पिशवीवर तारीख लिहा. कच्चं पीठ चाखायचा मोह मात्र टाळा. बिनअंड्याच्या पिठातही कच्चा मैदा असतोच आणि तोही सुरक्षित नाही.

पिठाळ हात

म्हणजे फळं आणि कुरकुरीतपणा दोन्ही मिळणारच नाही?

मंद आच

मिळेल, पण त्याला बिस्कोटी म्हणतात. दोनदा भाजायची, म्हणून फळातलाही जास्तीचा ओलावा निघून जातो.

मैदा २२० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, अंडी २, बेकिंग पावडर १ चमचा, मीठ पाव चमचा, सबंध बदाम ९० ग्रॅम (निम्म्या वेळेत हलकेच भाजलेले पुरतात, पुढे कापलेली बाजू उघडी आच खाणारच आहे), क्रॅनबेरी ५० ग्रॅम. बटर अजिबात नाही. अंडी-साखर फक्त एकजीव करा, कोरडं मिसळा, मग मेवा आणि फळं. पीठ चिकट असतं. मैदा वाढवू नका, हात ओले करा आणि पाच-सहा सेंटिमीटर रुंद, चपटे असे दोन लांब रोल करा. १७० अंशांवर २५ ते २८ मिनिटं, वरून चिरा पडून घट्ट लागेपर्यंत.

मग बरोबर पंधरा मिनिटं गार. गरम कापले तर चुरा, पूर्ण गार कापले तर बदाम सुरीबरोबर ओढला जाऊन काप तुटतो. दात्यांच्या सुरीने एक सेंटिमीटरचे तिरके काप. सुरी करवतीसारखी हलके चालवा, बदाम लागला की तिथे मात्र एकदाच खाली दाबा. काप आडवे मांडून १५० अंशांवर १० मिनिटं, उलटून पुन्हा १०. भट्टीतून काढताना मध्यभाग थोडा मऊ लागेल, गार होताना कडक होतो.

क्रॅनबेरी इथे ५० ग्रॅमच्या वर नेऊ नका आणि मनुका घालणार असाल तर छोट्या, न मुरवलेल्या घ्या. दोनदा भाजून मोठी मनुका आतून गोळीसारखी होते. चहा-कॉफीत बुडवून खाणार असाल तर चालून जाईल म्हणा.